खाडीचं पाणी कुणाला विचारायचं?

या महिन्याच्या टपालात बरीच पत्रं एकाच विषयाची निघाली: कमी पैशांत सिनेमा करायचाय, माणसं कशी जमवू आणि जमलेली सांभाळू कशी? त्यातली तीन निवडली आहेत. मी ठाण्यात राहते. 27 वर्षं या क्षेत्रात काम केलं, आधी सहायक दिग्दर्शक म्हणून आणि मग निर्मितीच्या बाजूने, त्यातलं निम्म्याहून जास्त हात राखून खर्च करणाऱ्या सिनेमांवर. पुढचं सगळं त्या कामातून आलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांचा आहे, कळव्याला राहतो. कॉलेजात चार वर्षं एकांकिका केल्या. एका मोटरमनच्या घरातली गोष्ट आहे, 84 पानांची पटकथा तयार आहे. घरचे आणि मित्र मिळून 9 लाख रुपये जमलेत. लोकेशन 19 आहेत आणि शूट 15 दिवसांत उरकायचं आहे. ओळखीचा एक कॅमेरामन स्वतःच्या कॅमेऱ्यासकट यायला तयार आहे. बाकीचं युनिट कसं उभं करू? सगळ्यांना पुरेसे पैसे देता येणार नाहीत, मग माणसं टिकतील का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करते.

कॅमेरामन मिळाला हे चांगलंच झालं, पण तुला पहिला माणूस वेगळा लागणार आहे. तुमच्या एकांकिकेच्या ग्रुपमध्ये एक मुलगी किंवा मुलगा नक्की असेल. स्पर्धेच्या दिवशी नेपथ्याचा टेम्पो कधी निघणार, कुणाचा पेपर आहे, ऐनवेळी इस्त्री कुठून आणायची, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं. बक्षीस घ्यायला तो कधी मंचावर गेला नसेल. आज संध्याकाळी त्याच्या घरी जा आणि पटकथा त्याच्या हातात दे. तो तुझा सहायक दिग्दर्शक. तुला तोंडावर ‘हे जमणार नाही’ म्हणू शकेल, असाच माणूस या जागी हवा.

दोघांनी बसून आधी ब्रेकडाउन करा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, आणि प्रत्येक पानाचे आठ भाग पाडून कुठला सीन किती भागांचा आहे ते मोजायचं. तुझी 84 पानं 15 दिवसांत म्हणजे दिवसाला साडेपाच पानांच्या वर. एकाच घरात, त्याच दोन-तीन नटांवर हे कसंबसं होतं. 19 लोकेशनवर होणार नाही. एका जागेवरून दुसरीकडे जायचं तर सामान आवरणं, टेम्पोत भरणं, ट्रॅफिक, पुन्हा मांडणी यांत दोन तास सहज जातात, आणि वाटेत घोडबंदर रोड असला तर मी तीन धरते. गोष्ट मोटरमनच्या घरातली आहे ना? मग घरातच राहा. 19 ची 7 लोकेशन कर. ज्या दिवशी ती 7 होतील त्या दिवशी तुझं युनिटही आपोआप लहान होईल.

दुसरा माणूस साउंडचा, आणि तो रेकीच्या, म्हणजे लोकेशन बघायला जाण्याच्या, दिवसापासून बरोबर हवा. नवीन मुलं लोकेशन डोळ्यांनी पाहून ठरवतात. तू कळव्याचा आहेस, रुळांशेजारच्या घरात दोन संवादांच्या मध्ये किती गाड्या जातात ते तुला मी काय सांगू. या गोष्टीत गाडीचा आवाज हवाच असेल, पण तो तुला हवा तिथे हवा. खोलीच्या मधोमध उभा राहा, डोळे मीट आणि 10 मिनिटं नुसता ऐक. पाण्याचा पंप, वरच्या मजल्यावरचं मिक्सर, शेजारची शिकवणी, सगळं कळेल. शूटच्या वेळी फ्रिज बंद करावा लागतो आणि पॅकअपच्या गडबडीत तो चालू करायचा राहून जातो. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या बाईचं दूध नासलेलं असतं आणि आपल्याला त्या घराचं दार बंद झालेलं असतं. म्हणून आमच्याकडे साउंडवाला टेम्पोची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. किल्ली काढायला फ्रिज उघडावाच लागतो. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर रिकाम्या खोलीचा आवाज मात्र घ्यायला विसरू नका, एडिटिंगला तो पदोपदी लागतो.

कॅमेरामनला एक गोष्ट आत्ताच विचार: फोकस कोण ओढणार, म्हणजे शॉट चालू असताना नट हलला तरी चित्र स्पष्ट कोण ठेवणार? कॅमेरा फुकट आला तरी हे काम करणारा फोकस पुलर आणि कॅमेऱ्याच्या सामानाबरोबर येणारा अटेंडंट फुकट येत नाहीत. काही कामं एका माणसाला जोडून देता येतात. तुझ्या सिनेमात कपडेपट आणि मेकअप एकच मुलगी बघू शकेल. कला आणि प्रॉपर्टी (सीनमध्ये लागणाऱ्या वस्तू) एक जण, हाताखाली एक मदतनीस. साउंडला दुसरं काम देऊ नकोस, आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्यालाही नाही. शूट झालेल्या कार्डावर लाल टेप लागली की त्याला हात लावायचा हक्क एकाच माणसाचा. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याचं स्वतः उघडून पाहिल्याशिवाय त्यानेही कार्ड फॉरमॅट करायचं नाही. त्यातली एक डिस्क रोज रात्री दुसऱ्याच्या घरी झोपायला गेली पाहिजे.

आता पैसे. तुझ्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे आणि तो तू शेवटी, चाचरत विचारलास.

मी तिसरी सहायक असताना एका सिनेमाचे माझे 11 दिवसांचे पैसे बुडाले. निर्मात्याच्या अंधेरीच्या ऑफिसात मी नऊ वेळा गेले. दर वेळी चहा मिळायचा, ‘पुढच्या सोमवारी या’ मिळायचं. दहाव्यांदा गेले तेव्हा दारावर दुसरीच पाटी होती. रक्कम फार नव्हती. पण माझ्याबरोबर एक लाइटमन यायचा, त्याने त्या पैशांवर मुलीच्या शाळेची फी धरली होती. ती पाटी वाचताना त्याचा चेहरा कसा झाला होता, ते मी अजून विसरलेले नाही.

म्हणून ऐक. लाइटमन, सेटवर चहा-पाणी बघणारा स्पॉटदादा, टेम्पोवाला, अटेंडंट, यांचा हिशोब त्याच दिवशी पॅकअपला, हातात. यात ‘नंतर बघू’ नाही. जे मित्र म्हणून येणार आहेत, त्या सगळ्यांना एकच दर दे, मग तो दिवसाला 500 रुपये का असेना, आणि तो सगळ्यांना माहीत असू दे. कमी पैसे माणूस सोसतो. शेजारच्याला गुपचूप जास्त मिळतात हे कळलं की त्या दिवसापासून त्याचं मन कामात राहत नाही. ‘सिनेमा विकला गेला की देऊ’ हे फक्त त्यांनाच म्हण, ज्यांचं घर त्यावाचून चालतं, आणि तेही कागदावर. एक पान पुरे: नाव, काम, किती दिवस, किती रुपये, कधी देणार, श्रेयनामावलीत काय लिहिणार. दोघांच्या सह्या. जिवलग मित्राकडूनही सही घे, त्याच्याकडून तर आधी घे.

जेवणावर काटकसर करू नकोस. नटांसकट 22 माणसं, 15 दिवस, नाश्ता-जेवण-दोन वेळचा चहा माणशी 300 रुपये धरले तर 99,000 होतात. 9 लाखांत हा आकडा तुला टोचेल. टोचू दे. दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट 1913 साली आला, तेव्हा सरस्वतीबाई फाळके अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि फिल्मला भोकं पाडायचं कामही त्यांच्याच हातचं होतं. आपल्याकडे सिनेमाच्या पहिल्या दिवसापासून चूल आणि तंत्र एकाच बाईच्या हातात होतं. कळव्या-खारेगावात घरगुती डबे देणाऱ्या बायका आहेत. रोज तेच पनीर नको. भाकरी, पालेभाजी, आमटी-भात द्या. कॉलटाइमपासून, म्हणजे युनिटला सेटवर बोलावलेल्या वेळेपासून, सहा तासांच्या आत पान वाढलं गेलंच पाहिजे. आणि तू सगळ्यात शेवटी जेव.

युनिट चालवायचं कसं, हे सांगायला एक प्रसंग सांगते.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही ठाण्याच्या चेंदणी बंदरावर, खाडीकाठी, बाप-लेकाचा एक सीन घेत होतो. अमावस्येचा दुसरा दिवस, दुपारचे बारा. पाणी पायऱ्यांना लागलेलं, तिवरं बुंध्यापर्यंत बुडालेली, उन्हात सगळी खाडी चकाकत होती. निम्मा सीन झाला आणि मुलाचं काम करणाऱ्या नटाला ताप भरला. उरलेला भाग आठवड्याने, त्याच जागी, त्याच वेळी घ्यायचं मी ठरवलं. ऊन जुळेल, सावल्या जुळतील, याचा मला अभिमान होता. आठवड्याने वीस माणसं घेऊन पोचलो तर समोर नुसता चिखल. पाणी पार मध्यावर गेलेलं, पायरीखाली खेकड्यांची बिळं आणि अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या.

आमच्या युनिटात चहा देणारा 19 वर्षांचा एक मुलगा होता, चेंदणी कोळीवाड्यातलाच. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, मी त्या दिवशीच सांगितलेलं, पुढल्या आठवड्यात दुपारी पानी नाय भेटनार.” कुणाला सांगितलंस, विचारलं. त्याने दुसऱ्या सहायकाकडे बघितलं. सहायकाने त्याला तेव्हा ‘तू चहाचं बघ’ म्हणून परत पाठवलं होतं. मग त्या मुलाने मला बोटांवर हिशोब करून दाखवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, म्हणून आपल्याला बाराला काठोकाठ पाणी मिळालं. आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. भरती सहाला, म्हणजे दुपारी बाराला पुरती सुकती, ओहोटी. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, आठवड्यात ती बरोबर उलटी होते. हे त्याच्या आजीलाही ठाऊक होतं. मी ठाण्यात जन्मले आणि मला ठाऊक नव्हतं.

कॅमेऱ्याचं एका दिवसाचं भाडं गेलं. पौर्णिमा उलटल्यावर पुन्हा गेलो, त्याने सांगितलेल्या वेळी, आणि पाणी पायरीला लागलेलं होतं.

त्या दिवसापासून माझ्या युनिटात एक पद्धत आहे. पॅकअपनंतरच्या चहाला सगळे गोल उभे राहतात आणि मी सर्वांत कनिष्ठ माणसापासून सुरुवात करून विचारते, उद्याचं काय दिसतंय? स्पॉटदादा पहिला बोलतो, कॅमेरामन शेवटी. उलटा क्रम लावला तर कॅमेरामन बोलल्यावर खालची माणसं तोंड उघडत नाहीत. दहा मिनिटं लागतात. जिन्याचा कठडा हलतोय, शेजारच्या आजोबांचं उद्या श्राद्ध आहे, जुन्या वायरिंगवर एवढे लाइट नकोत, हे सगळं मला या दहा मिनिटांत कळलेलं आहे. ज्याने सांगितलं त्याचं नाव घेऊन आभार मानायचे. नावं पहिल्याच दिवशी पाठ कर, ‘ए लाइट’ अशी हाक तुझ्या सेटवर ऐकू येऊ नये.

कॉल शीट आदल्या रात्री आठच्या आत ग्रुपवर गेली पाहिजे. कोण किती वाजता, कुठले सीन, जेवण कधी, सूर्यास्त कधी, जवळचं हॉस्पिटल कुठलं. तुझ्यासाठी ते कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. तिथला रस्ता टेम्पोवाल्याला एकदा दाखवून ठेव. सामान अंधेरी-गोरेगावकडून येणार असेल तर अटेंडंटचा दिवस तुझ्या कॉलटाइमच्या दोन तास आधी सुरू झालेला असतो, हे धरून 12 तासांत पॅकअप कर. रात्र झाली तर शेवटच्या लोकलच्या भरवशावर मुलींना सोडू नकोस, गाडीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेव.

परवानग्यांचं थोडक्यात: येऊरचा सीन पटकथेत असेल तर तिथे वन खात्याची परवानगी लागते, कारण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. रेल्वेच्या हद्दीत रेल्वेची वेगळी लागते. लपूनछपून फलाटावर शूट करायचा विचार मनात असेल तर तो सोड. पकडला गेलास तर तुझ्या शब्दावर आलेली माणसं आधी अडकतील. फलाट पटकथेतून काढ, गाडी आवाजातून आण.

प्रश्न : मी 43 वर्षांची आहे, नेरुळला राहते, माझा हा पहिलाच सिनेमा. चाचणी म्हणून दोन दिवस शूट केलं. लाइटवाले माझ्याकडे बघतही नाहीत, सगळं कॅमेरामनना विचारतात. नटसुद्धा शॉट झाला की त्यांच्याकडे बघतात. मी आवाज चढवायला हवा का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : आवाज चढवू नका. आधी एक गोष्ट वेगळी काढते. लाइटवाल्यांनी कॅमेरामनला विचारणं ही कामाची रीतच आहे, तो तुमचा अपमान नव्हे. दिवा कुठे लावायचा हे कॅमेरामन ठरवतात. सीन कशाबद्दल आहे हे तुम्ही. तुम्ही थेट लाइटमनला सूचना दिलीत तर दोघांचाही गोंधळ होतो.

नट त्यांच्याकडे बघतात, ते मात्र थांबवायला हवं. तुम्ही शॉटच्या वेळी कुठे बसता? माझा अंदाज आहे, मॉनिटरसमोर, दुसऱ्या खोलीत. मग ‘कट’ झाल्यावर नटाला समोर दिसणार कोण? कॅमेऱ्यामागचा माणूस. उद्यापासून कॅमेऱ्याला खेटून उभ्या राहा. कट झाला की चार पावलं चालत नटाजवळ जा आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं बोला, एकच सूचना. दोन दिवसांत नजर तुमच्याकडे वळते, मी हे होताना पाहिलं आहे.

कॅमेरामनशी सेटवर वाद घालू नका, आदल्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर तासभर बसा. उद्याचा प्रत्येक शॉट कागदावर, आणि कुठला शॉट वेळ संपली तर सोडायचा हेही. एखादं उत्तर तुमच्याकडे नसेल तर ‘पाच मिनिटं द्या’ म्हणा आणि खरंच पाच मिनिटांत उत्तर द्या. इतरांसमोर ते तुमच्या वतीने बोलले, तर बाजूला घेऊन शांतपणे सांगा. तिसऱ्यांदाही तसंच झालं तर दुसरा कॅमेरामन शोधा. चाचणी शूट त्यासाठीच असतं. मित्र असला तरी त्याला स्वतः भेटून सांगायचं, झालेल्या दिवसांचे पैसे त्याच वेळी देऊन. मेसेजवर नाही.

आणखी एक. युनिटात 10 किंवा जास्त माणसं काम करत असतील तर 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी. छोट्या सिनेमांत हे कुणी मनावर घेत नाही. तुम्ही घ्या. समितीतल्या बाईंचा फोन नंबर पहिल्या दिवसापासून कॉल शीटवर छापा. कपडेपटात काम करणाऱ्या विशीतल्या मुलीला तुमच्या सेटवर कसं वाटतं, ते त्या एका ओळीने बदलतं.

प्रश्न : आमच्या सिनेमात मैत्रिणीची आठ वर्षांची मुलगी काम करणार आहे. शूट ऐरोली आणि खारघरला आहे. घरचंच मूल, तरी काही लिखापढी लागते का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : लागते, घरचं असलं तरी. जिथे शूट होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहे, खारघर रायगडमध्ये, म्हणजे तुम्हाला दोन्हीकडे जावं लागेल. जमत असेल तर मुलीचे सगळे सीन ऐरोलीतच बसवा. पालकांची लेखी संमती, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर तर नाहीच. तिच्या मानधनातले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत जायला हवेत. मानधन द्याच, चॉकलेटवर भागवू नका.

शिवाय युनिटातला एक माणूस फक्त तिच्यासाठी ठेवा. आई सेटवर असली तरी, कारण ‘नाही’ म्हणणं आईलाच जड जातं. या माणसाला शॉट थांबवायचा अधिकार आहे, हे सगळ्यांसमोर पहिल्या सकाळी सांगा. तिचे सीन दिवसाच्या सुरुवातीला घ्या, मोठ्यांचे तिच्यानंतर. आणि कॉल शीटवर जशी सगळ्यांच्या जेवणाची वेळ असते, तशी तिच्या दुपारच्या झोपेची लिहा: दीड ते अडीच, दार बंद, त्या मजल्यावर कुणी बोलायचं नाही.